झाडांची सरकारी नावं

मुलांना रान दाखवायला काही खर्च लागत नाही, हे वाक्य मी ज्या सकाळी बोललो, त्या सकाळी माझ्या तोंडात कुणी भाकरीचा तुकडा कोंबला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण आमचं कुटुंब, म्हणजे द्वारकाबाई, तेव्हा चूल फुंकत होती, पहिली भाकरी अजून तव्यावर पडायची होती आणि माझं तोंड मोकळं होतं.

निमित्त शेजारच्या रखमाजी तात्यांचं. तात्या निवृत्त पटवारी. निवृत्त झाले ते फक्त पटवारकीतून. सल्ला द्यायच्या कामावर अजून रुजू आहेत. त्यांची नातवंडं जालन्याला जाऊन रेल्वे बघून आली आणि पुढचे आठ दिवस भोकरदनच्या आमच्या गल्लीत सरळ चालणं अशक्य झालं. जो तो पोरगा शिट्टी फुंकत, दुसऱ्याच्या सदऱ्याला धरून धावत होता. आमच्या तिघांना त्या गाडीत शेवटचा डबासुद्धा होऊ देत नव्हते. दहा वर्षांची चतुरा, तिच्या पाठचा मच्छिंद्र आणि पाच वर्षांचा धर्मा असे तिघं माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"आबा, आमाला बी काई तरी दाखवा ना," चतुरा म्हणाली.

"रान दाखवतो. झाडं, पाखरं, नदी. एक पैसा खर्च नाही."

द्वारकाबाईनं फुंकणी खाली ठेवली. "तुमाला झाडं वळखू येतेत का?"

"मी धावड्याचा आहे. शेतकऱ्याचा पोरगा."

"धावड्याचे हाव खरं. पर आठव्या वर्षी मामाकडं उर्दू शिकाया गेल्ते, ते परत गेलेच कवा?"

हे पोरांसमोर बोलायची गरज नव्हती. पण ते खरं होतं. मी तहसील कचेरीतला अहलकार, म्हणजे कारकून. कोणत्या प्रकरणाची मिसल कोणत्या बस्त्यात बांधली आहे, हे डोळे मिटून सांगेन. रानात गेलं की मात्र मला एकच झाड दिसतं, ते हिरवं असतं आणि पुष्कळ असतं. हे चतुराला ठाऊक नव्हतं. "माझ्या आबाला समदं येतं," असं ती गल्लीत सांगायची, शाळेत सांगायची, एकदा तर तिनं आमच्या कचेरीच्या चपराशालाही ऐकवलं होतं. अकरा वर्षांच्या नोकरीत मला मिळालेला हा एकच किताब. तो हातचा जाऊ द्यायची माझी बिलकुल तयारी नव्हती.

संध्याकाळी तात्यांनी ओट्यावरून हाक मारली. "रामराव, इजाजत काढली का?"

"कशाची?"

"चार मानसं जमली, एक बोलला, बाकीच्यांनी आयकलं, म्हंजी जलसा झाला. जलशाला इजाजत पायजे. दिवस कसे हायेत, सभा म्हनली की पोलीस येऊन राह्यले, बघता ना?"

"तात्या, माझीच पोरं, माझंच कुटुंब!"

"मानसंच हायेत ना?"

आतून द्वारकाबाईचा आवाज आला, "यांचं आयकतंय कोन? जलसा होतच न्हाई."

कायद्याच्या दृष्टीनं मुद्दा बिनतोड होता. पण तो माझ्या फार जिव्हारी लागला, आणि केवळ माझं ऐकलं जातं हे सरकारदरबारी नोंदवलं जावं म्हणून मी अर्ज करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी स्वच्छ उर्दूत लिहिलं की, फिदवी, म्हणजे अर्जदार सेवक, आपल्या बालबच्च्यांसह जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, सुट्टीत केळना नदीच्या काठची झाडं पाहू इच्छितो. आलेले अर्ज दाखल करून घेण्याचं काम माझ्याकडेच. मी माझा अर्ज हातात घेतला, समास कमी सोडला आहे असं आढळलं म्हणून मला परत केला, पुन्हा लिहिला आणि दाखल करून घेतला. नियम म्हणजे नियम.

पेशकारांनी, म्हणजे आमच्या मोठ्या कारकुनांनी, तो वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. "झाडं कोणत्या खात्याची?"

"म्हणजे?"

"जंगलातली असतील तर जंगल खातं. शेतातली असतील तर आपलं. शिंदीची असतील तर आबकारी, म्हणजे दारूचं खातं. ताडीचं झाड आबकारीच्या परवानगीशिवाय कुणी पाहिलेलं मी ऐकलं नाही." आणि त्यांनी तीन नकला करून तीन खात्यांना पाठवायला लावल्या. नकला अर्थात मीच केल्या.

दोन जुम्मे गेले. जवाब आला नाही. चतुरा रोज दारात माझी वाट पाहायची आणि माझा चेहरा बघून न विचारताच आत जायची. शेवटी तात्यांनी निकाल दिला, "जवाब न्हाई म्हंजी मनाई न्हाई. मी तीस वर्सं अशीच पटवारकी केली." मग तिसऱ्या जुम्म्याला आम्ही निघालो.

आता इथं माझ्या पद्धतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढे तिच्यावर फार टीका झाली. नंबराशिवाय कागद ओळखता येत नाही, तिथं झाड काय ओळखता येणार? म्हणून मी एक वही घेतली आणि तिच्यात रकाने आखले. नंबर, नाव, उंची, शेरा. द्वारकाबाईनं तुळशीच्या कट्ट्यासाठी ठेवलेला गेरू वाटीत कालवला. मच्छिंद्रनं झाडाच्या बुंध्यावर गेरूनं नंबर घालायचा, धर्मानं वाटी धरायची, मी नाव सांगायचं आणि चतुरानं वहीत चढवायचं. द्वारकाबाईकडं भाकरीचं गाठोडं आणि मतं व्यक्त करण्याचं काम होतं.

नंबर एक कडुलिंब. बरोबर आला. माझी छाती फुगली. नंबर दोन काटेरी होतं. मी म्हणालो, "बाभूळ."

"रावसाहेब, हिवर हाये त्यो," पाठीमागून आवाज आला.

वळून पाहिलं तर रायभान धनगर. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मागे मेंढरं आणि चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. चतुरा माझ्याकडे पाहत होती. पेन्सिल वहीवर थांबली होती. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून जे गेलं, त्याला अकरा वर्षांची नोकरीच जबाबदार आहे.

"तुमच्याकडे हिवर म्हणत असतील. हे सरकारी नाव आहे."

रायभाननं हात जोडले. "हां, सरकारी आसंल तर मंग बराबर."

चतुरानं 'बाभूळ' लिहिलं. रायभान मात्र गेला नाही. सरकारी नावं ऐकायची संधी रोज कुठून मिळणार? तो आणि त्याची तीस-चाळीस मेंढरं आमच्या मागून यायला लागली. मी नाव सांगितलं की तो मान हलवायचा आणि एखाद्या मेंढीकडे पाहून पुटपुटायचा. वीस नंबरपर्यंत मला येत होती तेवढी नावं संपली. मग मी लहान, मोठा, नर, मादी असे पोटभेद काढले. तेही संपल्यावर 'रानपिंपळ', 'काळं सीताफळ', 'नदीचा फणस' अशी नावं पाडू लागलो.

"आबा, ह्यो बी रानपिंपळच का?" चोवीस नंबरला चतुरानं विचारलं.

"हो. मादी."

तिनं झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून लिहिलं.

पण एक सांगतो, पोरं खूष होती. धर्माला सुगरणीचा खोपा सापडला, आणि तो आपण पाहिला म्हणून आपलाच, असं त्यानं जाहीर केलं. मच्छिंद्रनं खंड्या पाण्यात सूर मारताना पाहिला आणि त्यानंतर रेल्वेचं नाव काढलं नाही. द्वारकाबाई वाळूत पाय पसरून बसली. लग्नाला बारा वर्षं झाली, पण तिला दुपारी असं नुसतं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्यात माझी सावधगिरी सुटली.

झुडपावर चढलेल्या एका वेलीला मखमली, सोनेरी लव असलेल्या शेंगा लागल्या होत्या. "ही पाहा निसर्गाची कारागिरी," मी म्हणालो. "रानघेवडा. हात लावून बघा, किती मऊ." आणि पोरांच्या आधी मीच एक शेंग तोडून गालावरून, मानेवरून फिरवली.

"रावसाहेब, न्हाई!" रायभान धावला. "खाजकुयली हाये ती!"

ह्या वेळी सरकारी नाव सांगायला मला सवड मिळाली नाही. पुढची घटका मी नदीकाठी ज्या रीतीनं नाचलो, ती अहलकाराला शोभणारी नव्हती. रायभाननं कुठून तरी ताजं शेण आणलं आणि माझ्या तोंडाला, मानेला लिंपलं. एवढ्यात मेंढरांनी भाकरीचं गाठोडं सोडून घेतलं. द्वारकाबाई मेंढरांना हाकलू लागली, पण हसू आवरेना म्हणून तिला हाकलताच येईना.

त्याही स्थितीत मी मोहीम अर्धवट टाकली नाही. परतीच्या नाल्यात शिंदीची चौदा झाडं होती आणि शिंदी मला येते. शेणाखालून मी खणखणीत आवाजात सांगितलं, "शिंदी!" झाडांवर आधीच कुणीतरी काळ्या रंगानं नंबर घातले होते, पण ते सात, एकतीस, बारा असे वाटेल तसे होते. माल, म्हणजे महसूल, खात्यात वाढलेल्या माणसाला ते पाहवेना. "क्रम चुकलाय," मी मच्छिंद्रला म्हणालो. "त्यावर गेरू फिरव आणि शेजारी आपले नंबर घाल." त्यानं एकतीस ते चव्वेचाळीस असे ओळीनं घातले. फार सुरेख दिसत होते.

शेण वाळून तोंड कडक झालं होतं, त्यामुळे ओट्यावरच्या रखमाजी तात्यांनी "काय रामराव, झाला का जलसा?" असं विचारलं तेव्हा मला रागावतासुद्धा आलं नाही.

शनिवार, रविवार कचेरीत शांततेत गेले. सोमवारी पाऊल टाकलं आणि पेशकार म्हणाले, "आज तुम्ही लिहायला बसू नका. आज तुमच्यावर लिहायचंय."

आत तहसीलदार साहेबांसमोर आबकारीचे दरोगा बसले होते. ताडीच्या गुत्तेदारानं, म्हणजे ठेकेदारानं, शिंदीवर नवे नंबर पाहिले, नवी मोजणी झाली म्हणून तो घाबरला आणि दरोग्यांकडे धावला. दरोग्यांच्या टेबलावर माझ्याच हातची नक्कल पडलेली होती: झाडं पाहू इच्छितो. त्यांनी असा अर्थ लावला की, वरून कुणीतरी त्यांचीच मोजणी तपासायला मला गुपचूप पाठवलं. तसं असेल तर त्यांची आफत होती आणि नसेल तर माझी. माझी असावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

साक्षीला रायभान होता. यादी जिच्या हातची ती हजर पाहिजे, म्हणून चतुरालाही बोलावलं होतं. ती वही छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती.

दरोग्यांनी रायभानला विचारलं, "नावं सांगताना हे काय म्हणाले?"

"सरकारी नावं हायेत म्हनले साहेब. आन आमी म्हनलो, बराबर."

"देखिए हुजूर!" दरोगा तहसीलदारांकडे वळले. "सरकारी फेहरिस्त! आमचे नंबर मिटवले! वर लिहून यांना मुअत्तल करा."

मुअत्तल म्हणजे कामावरून दूर. तहसीलदार साहेब तसे शांत माणूस. त्यांनी विचारलं, "रामराव, किसके हुक्म से बनाई?"

त्या खोलीतून नोकरीसकट बाहेर पडायची एकच वाट होती, आणि ती मला दिसत होती. यादी कवडीमोलाची आहे, असं सिद्ध करायचं. ज्याला झाडंच कळत नाहीत, त्याला मोजणीला कोण पाठवेल? फक्त ते चतुरासमोर म्हणायचं होतं. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. खाजकुयलीनं झाला नव्हता एवढा त्रास मला त्या वेळी झाला.

"हुजूर, यादी सगळी चुकीची आहे. मला झाडं ओळखू येत नाहीत. नावं मी मनानं रचली."

"न्हाई साहेब!" चतुरा भिंतीपासून पुढे आली. "माझ्या आबाला समदं येतं! समदी नावं बराबर हायेत!"

"चतुरा, गप."

"का गप? नंबर एक बराबर हाये. शिंदी बराबर हाये. समदंच बराबर हाये!"

दरोगा खूष होऊन मिशीवर हात फिरवू लागले. पोरगी माझ्या बाजूनं जीव तोडून बोलत होती आणि तिच्या एकेका शब्दानिशी मी मुअत्तल होत चाललो होतो. रायभानकडे शेळ्या-मेंढरांसाठी तोडलेला पाला होता. दरोग्यांनी त्यातली एक डहाळी उपसून माझ्यापुढे टाकली. "हे काय?"

मी काही धोका पत्करणार नव्हतो. मुद्दाम चुकायचं ठरवलं, आणि हे नक्की नाही असं नाव शोधू लागलो. घाईत दुसरं काही सुचेना, म्हणून आमच्या गावाचं नाव सांगून टाकलं. "धावडा."

"बराबर!" रायभान आनंदानं ओरडला. "धावडाच हाये त्यो! डोंगरावरून आनल्ता!"

"आबा!" चतुरानं टाळी वाजवली.

"ओळखू येत नाही म्हणे," दरोगा म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा न येणारं झाड बरोबर ओळखलं, ते नेमकं तेव्हा. तहसीलदार साहेबांनी चपराशाला खूण केली. तो बाहेर गेला आणि दुसरी फांदी घेऊन आला. हिरवी, चकचकीत पानांची. मुद्दाम चुकण्यावरचा माझा विश्वास उडाला होता. ह्या वेळी मी सगळा जीव एकवटून, अगदी इमानदारीनं, खरं उत्तर द्यायचं ठरवलं. पान चोळलं, वास घेतला, उजेडाकडे धरलं.

"जांभूळ," मी म्हणालो. मला खात्री होती.

मग तहसीलदार साहेबांनी खिडकीकडे बोट दाखवलं. कचेरीच्या दारात मोठं झाड उभं होतं आणि चपराशानं मोडलेल्या जागी त्याची साल ओली दिसत होती.

"करंज है, रामराव. ग्यारह साल से इसी के नीचे खाना खाते हो."

पेशकार हसले, चपराशी हसला, रायभान तोंडावर घोंगडी धरून हसला. शेवटी दरोगाही हसले, कारण एवढ्या अडाणी माणसाला आपल्यावर कुणी पाठवणार नाही, हे त्यांना पटलं होतं. माझा जबाब लिहून घेतला गेला: फिदवीला एका झाडातला आणि दुसऱ्या झाडातला फरक कळत नाही. खाली सही करा. शिंदीवरचा गेरू स्वतः धुवा, मिसल बंद. वही पोरीला परत द्या. मी सही केली. अक्षर चांगलं यावं इकडे माझं लक्ष होतं.

दुपारच्या टपालात जंगल खात्याचा जवाब आला. झाडं पाहण्यास हरकत नाही, मात्र अर्जदारास झाडांची माहिती असावी. तो मीच दाखल करून घेतला.

सुट्टी होईपर्यंत चतुरा करंजाखाली बसून होती. आम्ही घराकडे निघालो. मी दोनदा हवापाण्याविषयी बोलून पाहिलं. बाजाराच्या वळणावर ती थांबली.

"आबा, त्या करंजाच्या फांदीला तुमी मुद्दाम चुकले ना? नोकरीसाठी?"

नुसती मान हलवायची होती. किताब परत मिळाला असता, आणि हुशार बाप म्हणून वर आणखी एक मिळाला असता. पण ती पोरगी सगळ्या कचेरीशी माझ्यासाठी एकटी भांडली होती. तिला आणखी एक सरकारी नाव सांगणं माझ्यानं होईना.

"नाही गं. मला खरंच येत नाही. कडुलिंब आणि शिंदी सोडली तर एकही नाही."

"मला ठावं व्हतं."

"कधीपासून?"

"दोन नंबरपासून. हिवर व्हता त्यो. धावड्याच्या आजीनं दाखविल्ता मला."

"मग तेव्हाच का नाही म्हणालीस?"

"समदे आयकून राह्यल्ते ना. रायभानबाबा व्हते, आई व्हती. तुमाला कसं वाटलं आसतं?"

"आणि आज?"

"आज तर लईच मानसं व्हती," ती म्हणाली.

मी इतके दिवस जो मान दोन्ही हातांनी सांभाळत होतो, तो ही दहा वर्षांची पोर सांभाळत होती, आणि माझ्यापेक्षा कितीतरी नीट. भर बाजारात डोळे पुसायची माझ्यावर वेळ आली आणि मी पुसले. कुणी बघत होतं की नाही, ते मी पाहिलं नाही.

चतुरानं वही उघडली. नावांच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"या जुम्म्याला रायभानबाबा आन मी सांगतो. मला येतेत ती आत्ताच सांगते. तुमी लिवा."

अकरा वर्षं दुसऱ्यानं सांगितलेलं बिनचूक लिहून घेणं, एवढंच तर मला येत होतं. मी तिथंच वाण्याच्या पायरीवर टेकलो आणि वही गुडघ्यावर घेतली.

"नंबर दोन?" मी विचारलं.

"हिवर," ती म्हणाली, आणि मी लिहिलं.